आवाजातली काटछाट आणि कानाची साक्ष



घरातली गादी ट्रंकेत भरायची झाली तर दोन मार्ग असतात. एक, ती घट्ट गुंडाळायची, दोरीने आवळायची आणि ट्रंकेत कोंबायची. मुक्कामी पोचल्यावर दोरी सोडली की गादी होती तशी होते. दुसरा मार्ग असा, की तिच्यातला थोडा कापूस काढून टाकायचा आणि 'निजणाऱ्याला काही कळायचे नाही' अशी स्वतःची समजूत घालायची. संगणकात आवाज साठवण्याच्या ज्या दोन पद्धती आज रूढ आहेत, त्यांच्यात नेमका हाच भेद आहे. पहिलीला लॉसलेस म्हणतात. आपण तिला बिनतुटीची म्हणू. फ्लॅक नावाची फाईल या जातीची. दुसरीला आपण काटछाटीची म्हणू. एमपीथ्री हे तिचे घरोघरी पोचलेले रूप.

या दोहोंत आवाज कोणाचा चांगला, हा प्रश्न पुष्कळ लोक विचारतात, आणि त्याचे उत्तर ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर काढण्याची रीत पडली आहे. दोन्ही फायली एकाखाली एक मांडायच्या, एकीतून दुसरी वजा करायची, आणि उरेल त्यावरून निकाल द्यायचा. ही वजाबाकी मीही केली आहे. तिने मला पुष्कळ शिकवले. परंतु तिच्या उत्तराचा जो अर्थ मी प्रथम घेतला, तो चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे कळायला मला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

मी शास्त्रज्ञ नव्हे. कामगार संघटनेच्या कामात माझे आयुष्य गेले. या विषयाकडे मी वळलो तो एका खोक्यामुळे. आमच्या युनियनच्या कचेरीत गेटसभांतील भाषणांच्या दहा कॅसेटी एका खोक्यात पडून होत्या. फिती खराब होण्याच्या आत त्या संगणकात उतरवून घ्याव्यात म्हणून आम्ही एका दुकानदाराकडे दिल्या. त्याने मोठमोठ्या फायली करून दिल्या आणि 'पूर्ण दर्जाच्या आहेत' असे सांगितले. भाषणे ऐकू येत होती. टाळ्या मात्र टाळ्यांसारख्या वाजत नव्हत्या. दूर कोठेतरी पाणी खळखळावे तशा वाजत होत्या. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने ती फाईल संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिचा आलेख दाखवला. या आलेखात डावीकडून उजवीकडे वेळ सरकते आणि खालून वर स्वर चढत जातो. कॅसेटच्या फितीची जी खरखर असते, ती या आलेखात वर जाताना हळूहळू विरत जायला हवी. येथे ती सेकंदाला सोळा हजार कंपनांच्या रेषेवर कात्रीने कापल्यासारखी संपली होती, आणि रेषेखालीही जागोजाग काळी भोके पडली होती. दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने कबूल केले: जागा वाचावी म्हणून त्याने आधी सारे एमपीथ्रीत साठवले होते आणि नंतर ते मोठ्या फायलींत ओतून आमच्या हाती ठेवले होते. कापूस काढलेली गादी मोठ्या ट्रंकेत घातली होती, एवढेच.

मी चिडलो. आणि चिडलेला माणूस विचारतो तोच प्रश्न मी विचारला: निजणाऱ्याला कळणार नाही असा कापूस कोणता, हे ठरवले कोणी?

हे ठरवण्याचा पद्धतशीर उद्योग संगीताच्या नव्हे, टेलिफोनच्या धंद्यात सुरू झाला. अमेरिकेत टेलिफोनची तार देशभर पसरली ती अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या हाती. तांब्याच्या तारेला पैसा पडतो. एका तारेवरून एकाच वेळी जितकी जास्त संभाषणे नेता येतील तितका नफा अधिक. आणि प्रत्येक संभाषणाला जितका अरुंद पट्टा पुरेल तितकी संभाषणे जास्त. तेव्हा माणसाच्या कानाला किमान किती दिले म्हणजे भागते, हे मोजणे हा कंपनीच्या हिशेबाचाच भाग झाला. तिच्या संशोधकांपैकी वेगेल आणि लेन यांनी १९२४ साली एक महत्त्वाची गोष्ट मोजून प्रसिद्ध केली: मोठा स्वर चालू असला म्हणजे त्याच्या जवळपासचा लहान स्वर कानाला ऐकूच येत नाही, आणि हे झाकणे खालच्या स्वरांपेक्षा वरच्या स्वरांच्या बाबतीत अधिक घडते. मागाच्या खात्यात ज्याने काम केले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. तेथे शेजारचा तोंड हलवतो आणि आपण खाणाखुणांवरून समजतो. १९२५ साली कंपनीची बेल प्रयोगशाळा निघाली. तेथील हार्वे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली, कोणत्या उंचीचा स्वर किती जोराचा असला म्हणजे कानाला सारखाच मोठा वाटतो, याचे आलेख दिले. माणसाचा तरुण, निरोगी कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकतो. टेलिफोनच्या वाट्याला त्यांतली सुमारे ३०० ते ३,४०० एवढीच आली. बोलणे समजते, माणूस ओळखू येतो, भागते. जोनाथन स्टर्न यांनी २०१२ साली एमपीथ्रीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एमपीथ्रीचे मूळ या टेलिफोनच्या काटकसरीत आहे, हे त्यांनी त्यात साधार दाखवले आहे.

दुसरा धागा आवाजाचे आकडे करण्याचा. अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली पॅरिसमध्ये काम करीत असताना कल्पना काढली, की आवाजाची लाट सेकंदातून हजारो वेळा मोजावी आणि लाटेऐवजी ते आकडेच पाठवावेत. कल्पना काळाच्या पुढे होती. ती गाण्याच्या रूपाने सामान्य ग्राहकाच्या हाती यायला १९८२ साल उजाडले. त्या वर्षी कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली. तिच्यात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० मापे घेतात, प्रत्येक माप १६ बिटांचे, आणि डाव्याउजव्या अशा दोन बाजू. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हा आपला पूर्ण कापूस.

आता हा कापूस आवळायचा कसा? बेल प्रयोगशाळेतीलच क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिले, की कोणत्याही संदेशात पुनरुक्तीचा भाग असतो आणि तेवढा वगळून संदेश जशाच्या तसा परत उभा करता येतो. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली, वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा संकेत आणि क्वचित येणाऱ्याला मोठा, अशी रीत सांगितली. फ्लॅकचे पोट याच जातीच्या युक्तीवर चालते. मागच्या काही मापांवरून पुढचे माप काय असेल याचा ते अंदाज बांधते आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवते. फरकाचे आकडे लहान, म्हणून जागा कमी. अशा रीतीने फाईल साधारणपणे निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत उतरते, आणि उलगडल्यावर एकही बिट इकडचा तिकडे झालेला नसतो.

परंतु निम्म्याने भागणार नव्हते. जर्मनीत एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक डीटर झाइट्झर यांच्या मनात टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवण्याची कल्पना होती. त्यांनी पेटंट मागितले तेव्हा ही गोष्ट अशक्य आहे असे उत्तर मिळाले. त्यांनी तो प्रश्न कार्लहाइन्झ ब्रँडनबुर्ग या विद्यार्थ्याच्या हाती दिला. येथे टेलिफोनच्या संशोधकांनी मोजलेले झाकणे पुन्हा कामास आले. एबरहार्ड झ्विकर यांच्यासारख्या जर्मन ध्वनिशास्त्रज्ञांनी ते आणखी बारकाईने मांडून ठेवले होते. ब्रँडनबुर्गांची रीत थोडक्यात अशी: आवाजाचे अगदी लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा शेकडो पट्ट्यांत वाटायचा, कोणत्या पट्टीतला आवाज कोणत्या मोठ्या आवाजाखाली झाकला जाईल याचा हिशेब करायचा, आणि जेथे झाकले जाते तेथे माप ढोबळ घ्यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा. काही आवाज समूळ टाकले जातात हे खरे. पण मुख्य काटछाट ढोबळ मोजण्याची आहे. ढोबळ मोजण्याने जी चूक होते, तिचा स्वतःचा एक खरखरता आवाज असतो, आणि तो मूळ संगीताच्या आड लपेल अशी सारी योजना असते.

लपण्याची ही योजना कोठे फसते तेही त्याच लोकांना प्रथम कळले. सुझॅन व्हेगा या अमेरिकन गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे १९८७ सालच्या तिच्या ध्वनिमुद्रिकेत आले. त्यात एकही वाद्य नाही. एकटा मानवी गळा आहे. ब्रँडनबुर्गांनी ते आपल्या यंत्रणेतून काढले तेव्हा आवाजाची दुर्दशा झाली. चूक लपायला आडोसाच नव्हता. त्यांनी ते गाणे शेकडो वेळा ऐकले आणि ऐकत ऐकत यंत्रणा सुधारली. दुसरी फसगत अचानक होणाऱ्या ठोक्यांची. लाकडी चिपळ्यांसारखे वाद्य एकदम वाजले, तर तुकड्यातली चूक त्या सबंध तुकड्यावर पसरते आणि ठोक्याच्या आधीच एक पुसट फराटा ऐकू येतो. टाळ्यांचा कडकडाट म्हणजे असे शेकडो ठोके एकावर एक. बिट कमी पडले की त्या टाळ्यांचे पाणी होते. आमच्या गेटसभेच्या टाळ्या का खळखळत होत्या, हे मला येथे उमगले.

पुढचा इतिहास लवकर सांगता येतो. १९८८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवण्यासाठी एमपेग हा तज्ज्ञगट स्थापन झाला. १९९२ साली प्रमाणावर एकमत झाले आणि १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील ध्वनीच्या तिसऱ्या थराला, म्हणजे लेयर थ्रीला, जुलै १९९५ मध्ये 'एमपीथ्री' हे छोटे नाव मिळाले. सेकंदाला १,२८,००० बिट हा त्याचा लोकप्रिय दर. म्हणजे मूळच्या सुमारे अकरावा हिस्सा. या काटछाटीने गरिबाचे भलेही केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डावर भजने, पोवाडे, लावण्या भरून मिळू लागल्या आणि ज्याच्या घरी कधी ग्रामोफोन आला नव्हता त्याच्या खिशात गाणे आले. ते एमपीथ्रीनेच आणले.

तथापि याच काळातली आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वीडनच्या रेडिओने १९९० च्या सुमारास, प्रक्षेपणासाठी अशा यंत्रणा कितपत योग्य आहेत हे ठरवायला मोठी परीक्षा घेतली. सुमारे ६० तज्ज्ञ श्रोते आणि २०,००० च्या वर चाचण्या. मग एक ध्वनिफीत बार्ट लोकँथी या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाकडे गेली. त्यांनी एकट्याने बसून ती ऐकली आणि आत एक बारीकसा, मुळात नसलेला स्वर आहे असे सांगितले. तो होता. आणि त्यांनी बोट ठेवल्यावर तो त्यांच्या सहकाऱ्यांनाही ऐकू आला. सभेत बहुमताने ठराव मंजूर होतो, पण मागच्या रांगेतला एक माणूस उठून हिशेबातली चूक दाखवतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. बहुमत खोटे नसते; ज्याच्याकडे त्याचे लक्ष गेले नव्हते त्याबद्दल ते काही सांगत नाही, एवढेच.

आता आपण वजाबाकीकडे येऊ. ही वजाबाकी सामान्य माणसाच्या हाती आली ती फुकट मिळणाऱ्या साधनांमुळे. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात रचले व २००० साली सर्वांना खुले केले. जॉश कोलसन यांच्या फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ साली आली, तेही खुले. कृती सोपी आहे. मूळ आवाज एका ओळीत ठेवा, काटछाट झालेला दुसऱ्या ओळीत. दुसरी ओळ उलटी करा, म्हणजे लाटेचा चढ तेथे उतार होईल. मग दोन्ही मिसळा. जे सारखे असेल ते एकमेकांस खाऊन टाकील. उरेल तो फरक. खबरदारी दोन गोष्टींची घ्यावी. एमपीथ्री करताना आणि उलगडताना आवाज पुष्कळदा सुमारे हजारभर मापांनी, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाने, मागे सरकतो. तो आधी जुळवून घेतला नाही तर सारी वजाबाकी खोटी. आणि दोन्हींचा जोर तंतोतंत सारखा हवा.

मूळ फाईल आणि तिचीच फ्लॅक यांची वजाबाकी मी केली. निखळ शांतता उरली; पडद्यावर सरळ रेघ. मग एमपीथ्री घेतली. कुजबुज, फुसफुस, शब्दांच्या कडा, टाळ्यांचा चुरा असे काहीबाही ऐकू आले. भुतासारखे. रायन मॅग्वायर या अमेरिकन संगीतकाराने २०१४ च्या सुमारास 'टॉम्स डायनर'मधून असेच गळालेले ध्वनी गोळा करून त्यांचीच एक रचना केली आहे. मी ते उरलेले ऐकले आणि टेबलावर हात आपटला: 'हे पाहा, एवढे चोरले!'

येथेच मी चुकलो. तो उरलेला आवाज मी एकटा ऐकत होतो. परंतु सारी योजनाच मुळी अशी, की तो एकटा कधी ऐकायचा नाही. मोठ्या आवाजाच्या आड तो कानाला पोचू नये म्हणूनच तेथे ठेवलेला आहे. मागाच्या खात्यातली कुजबुज बाहेर आणून ऐकवली तर ऐकू येणारच. त्यावरून ती खात्यात ऐकू येत होती असे सिद्ध होत नाही. वजाबाकी काय बदलले ते सांगते. काय ऐकू येते, हे कानालाच विचारावे लागते, आणि तेही कानाला नाव न सांगता.

नाव न सांगता विचारण्याची रीतही जुनीच आहे. बेल प्रयोगशाळेतील त्याच मन्सन यांनी गार्डनर यांच्यासह १९५० साली ती मांडली. आज तिचे रूप असे: क आणि ख असे दोन आवाज ऐकवायचे, मग एक अनोळखी, आणि तो क की ख हे ओळखायला लावायचे. १६ वेळा विचारले आणि १२ बरोबर आले, तर ते नुसत्या नशिबाने घडण्याचा संभव शंभरात चाराहून कमी. मी परीक्षेस बसलो. सेकंदाला ३,२०,००० बिटांच्या एमपीथ्रीत मला १६ पैकी ९ ओळखता आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. याच फायलीच्या वजाबाकीतला चुरा मात्र स्पष्ट ऐकू येत होता! ६४,००० बिटांवर टाळ्यांचा तुकडा लावला, तेव्हा सोळाच्या सोळा बरोबर आले. आलेखातल्या सोळा हजारांच्या रेषेचे म्हणाल, तर माझ्या वयाच्या माणसाला तेवढ्या वरचे स्वर तसेही ऐकू येत नाहीत. ती रेषा दुकानदाराची लबाडी पकडण्यास पुरेशी होती. माझ्या कानाचे नुकसान सिद्ध करण्यास नव्हती.

मग बिनतुटीची प्रत जपण्याचा आग्रह कशासाठी? कारण झाकण्याचा हिशेब आजच्या ऐकण्यापुरताच असतो. उद्या कोणी त्या ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करील, पुसट शब्द मोठे करील, वेग मंद करून एखादे नाव ओळखू पाहील. त्या क्षणी आडोसा हलतो आणि लपवलेली चूक उघडी पडते. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली की प्रत्येक फेरीत थोडा कापूस आणखी जातो. आणि हिशेबातला कान सरासरीचा असतो. येणारा ऐकणारा लोकँथी असेल की आणखी कोणी, हे आपल्याला आज ठाऊक नाही. कारखान्यात 'अतिरिक्त' ठरवलेल्या माणसांची यादी मी पुष्कळदा वाचली आहे. यादी करणारा नेहमी म्हणतो, यांच्यावाचून काही अडणार नाही. कधीकधी ते खरेही असते. परंतु यादी कोणी केली, कोणाच्या सोयीसाठी केली आणि काढलेल्याला परत बोलावण्याची वाट ठेवली आहे की नाही, हे विचारायचे असते. टेलिफोन कंपनीची सोय तारेची होती, दुकानदाराची डिस्कवरच्या जागेची. आमची गरज निराळी होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की वाटायला काटछाटीची प्रत खुशाल वाटा, पण मूळ बिनतुटीचे ठेवा. आपापल्या घरी आजोबांचे कीर्तन, आईच्या ओव्या, एखाद्या जुन्या सभेचे भाषण फितीवर असेल, तर ते उतरवून घेताना आधी फ्लॅक मागा. हाती आलेली फाईल एकदा आलेखावर पाहा. आणि फित परत आणल्याशिवाय दुकानातून निघू नका.

आमच्या दहा कॅसेटींपैकी नऊ आम्ही नव्याने, नीट उतरवून घेतल्या. दहावीची फित मधल्या काळात बुरशीने खाल्ली होती. तिच्यावर एका कामगार बाईचे भाषण होते. पाळणाघराच्या मागणीवर ती बोलली होती. ती बाई आज हयात नाही. तिचे दुसरे ध्वनिमुद्रण आमच्याजवळ नाही. आहे ती दुकानदाराची ६४,००० बिटांची प्रत. शब्द सारे कळतात. ती थांबते तेव्हा बायका टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्यांचे पाणी होते. ती फाईल आम्ही बाकीच्या नवांशेजारी ठेवली आहे, आणि ऐकणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून तिच्यावर लिहून ठेवले आहे: 'काटछाटीची प्रत. मूळ नष्ट.'